मास एअर फ्लो सेन्सर

मास एअर फ्लो सेन्सर हा इंजिनात शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणारा संवेदक होय. तो एअर फिल्टर व थ्रॉटल यांच्या दरम्यान बसवलेला असतो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी इंधनाच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. त्यानुसार किती इंधन सोडायचे, हे इंजिनाचा नियंत्रक संगणक या मापनावरून ठरवतो.

कार्यपद्धती
तप्त-तार प्रकारात विजेने तापवलेली प्लॅटिनमची बारीक तार हवेच्या प्रवाहात असते. वाहती हवा तिला थंड करते. तिचे तापमान टिकवण्यास लागणाऱ्या विद्युतप्रवाहावरून हवेचे वस्तुमान कळते. तारेवर धूळ वा तेल साचल्यास मापन चुकते.

चाचणी
स्कॅनरवर पी०१०१ हा संकेत आल्यास मापन अपेक्षित मर्यादेबाहेर आहे, एवढेच सिद्ध होते. सेन्सर निकामी झाला असे नव्हे. सेन्सरच्या पुढील नळीला चीर असल्यास न मोजलेली हवा आत शिरते आणि निर्दोष सेन्सरही सदोष भासतो. म्हणून प्रथम नळ्या, फिल्टर, वायरिंग व जोडण्या तपासतात. त्यानंतर इंजिन गरम करून स्कॅनरवर हवेचे मापन पाहतात. दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनात आयडलिंगला ते साधारणतः सेकंदाला २ ते ५ ग्रॅम असते. ॲक्सिलरेटर दाबताच ते अखंडपणे वाढले पाहिजे.

मळलेला सेन्सर त्यासाठीच्या खास फवाऱ्याने स्वच्छ करतात. तारेला स्पर्श केल्यास ती तुटू शकते. एवढे करूनही मापन न सुधारल्यासच सेन्सर बदलणे योग्य ठरते.