सामन्यांची दाटी आणि खेळाडूंचा शिणवटा (व्यावसायिक फुटबॉल)

थोड्या दिवसांत इतके सामने येणे की एका सामन्याचा थकवा उतरण्याआधीच पुढच्यासाठी मैदानात उतरावे लागावे, या स्थितीला सामन्यांची दाटी म्हणतात. आठवड्याला एक सामना हे जुने प्रमाण. युरोपातील मोठ्या क्लबांना आता ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत बहुतेक आठवड्यांत दोन सामने खेळावे लागतात. ही दाटी लांबली की स्नायूंच्या दुखापती वाढतात, झोप बिघडते आणि काही खेळाडूंना खेळच नकोसा होतो. या शेवटच्या अवस्थेला क्रीडाक्षेत्रात बर्नआउट म्हणतात.

हा प्रश्न सर्व व्यावसायिक फुटबॉलपटूंचा नाही, हे आधीच सांगायला हवे. मधल्या व खालच्या फळीतील बहुसंख्य क्लब चषक स्पर्धांतून लवकर बाद होतात आणि त्यांचे खेळाडू राष्ट्रीय संघातही नसतात. सगळा भार पडतो तो मोजक्या काही शे खेळाडूंवर. ते क्लबकडून युरोपीय स्पर्धा खेळतात, देशाकडून विश्वचषक खेळतात आणि प्रत्येक प्रशिक्षकाला पहिल्या अकरांत हवे असतात. सर्व खेळाडूंची सरासरी काढून ‘सामने फारसे वाढलेले नाहीत’ असे म्हणणे त्यामुळे दिशाभूल करणारे ठरते.

दाटीचे मूळ वेळापत्रकाच्या मालकीत आहे. इंग्लंडमधील अव्वल क्लबचे उदाहरण घ्यावे. प्रीमियर लीगचे ३८ सामने लीग ठरवते. एफए चषक ही फुटबॉल असोसिएशनची स्पर्धा, तर लीग चषक इंग्लिश फुटबॉल लीगचा. चॅम्पियन्स लीग यूएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाची. राष्ट्रीय सामन्यांसाठी खेळाडू सोडण्याच्या तारखा फिफा ठरवते आणि त्या तारखांना खेळाडू सोडणे क्लबांवर बंधनकारक असते. गाय एक आणि धार काढणारे पाच, असा हा प्रकार आहे. यातील प्रत्येक संस्था फक्त आपल्या स्पर्धेचे सामने मोजते. एका खेळाडूच्या वाट्याला एकूण किती आले, याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. उरलेल्या मोकळ्या दिवसांत क्लब स्वतःचे परदेश दौरे घालतात. प्रीमियर लीगचा २०२३–२४ चा हंगाम १९ मे रोजी संपला आणि तीनच दिवसांनी टॉटनहॅम व न्यूकॅसल हे संघ मेलबर्नमध्ये मैत्रीपूर्ण सामना खेळत होते. दाटीविरुद्ध तक्रार करणाऱ्या क्लबांचे हे वर्तन विसरता येत नाही.

गेल्या काही वर्षांत स्पर्धांचा आकार झपाट्याने वाढला. २०२४–२५ पासून चॅम्पियन्स लीगमध्ये ३२ ऐवजी ३६ संघ आले, पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघाचे सहाऐवजी आठ सामने झाले आणि स्पर्धेतील एकूण सामने १२५ वरून १८९ वर गेले. फिफाने क्लब विश्वचषक ३२ संघांचा केला. जून–जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत तो भरला तेव्हा बक्षिसांची एकूण रक्कम १ अब्ज डॉलर होती. पुरुषांच्या विश्वचषकातील संघ २०२६ पासून ३२ वरून ४८ आणि सामने ६४ वरून १०४ करण्याचे ठरले. प्रत्येक वाढीमागे प्रक्षेपण हक्कांचा पैसा आहे. या पैशातून खेळाडूंचे पगारही फुगले, त्यामुळे त्यांच्या तक्रारीला प्रेक्षकांची सहानुभूती कमी मिळते.

पॅरिस सां जर्मां या क्लबने २०२४–२५ मध्ये फ्रेंच लीगचे ३४, चॅम्पियन्स लीगचे १७, फ्रेंच चषकाचे सहा, फ्रेंच सुपर चषकाचा एक आणि क्लब विश्वचषकाचे सात असे ६५ सामने खेळले. १३ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या अंतिम सामन्यात चेल्सीने त्यांना ३–० ने हरवले. बरोबर महिन्याने, १३ ऑगस्टला, हाच संघ इटलीतील उदिने येथे यूएफा सुपर चषकासाठी टॉटनहॅमशी खेळला. सुट्टी आणि नव्या हंगामाची तयारी, दोन्ही त्या एका महिन्यात उरकायचे होते. मात्र असे आकडे अगदी नवे नाहीत. चेल्सीनेच २०१२–१३ मध्ये ६९ अधिकृत सामने खेळले होते आणि ते संपताच मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी अमेरिका गाठली होती.

दाटीचा इतिहास त्याहूनही जुना आहे. १९७० मध्ये मेक्सिकोतील विश्वचषकासाठी इंग्लिश हंगाम लवकर आटोपण्यात आला. प्रशिक्षक डॉन रेव्ही यांच्या लीड्स युनायटेडला त्याचा मोठा फटका बसला. हा संघ लीग, एफए चषक आणि युरोपियन चषक अशा तिन्ही आघाड्यांवर होता. मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या एफए चषक उपांत्य लढतीचा निकाल लागायला मार्चमध्ये तीन सामने लागले. संघ थकल्याने रेव्हींनी एका लीग सामन्यात डर्बीविरुद्ध राखीव खेळाडू उतरवले, तर क्लबला दंड झाला. लीग एव्हर्टनने, युरोपियन चषकाची उपांत्य लढत सेल्टिकने आणि एफए चषक चेल्सीने जिंकला. लीड्सच्या हाती काहीच लागले नाही. अर्धशतकानंतरही व्यवस्था फारशी सुधारली नव्हती. १७ डिसेंबर २०१९ रोजी लिव्हरपूलला लीग चषकात बर्मिंगहॅममध्ये अ‍ॅस्टन व्हिलाशी खेळायचे होते आणि दुसऱ्याच दिवशी दोहा येथे क्लब विश्वचषकाची उपांत्य लढत होती. क्लबने बर्मिंगहॅमला पोरसवदा संघ पाठवला आणि तो ५–० ने हरला. मुख्य संघ दोह्यात माँटेरेविरुद्ध २–१ ने जिंकला.

‘आमच्या काळी चिखलात खेळायचो, बदली खेळाडूही नसायचा’ असे जुने खेळाडू सुनावतात. ते खरेच आहे. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूची सोय १९६५ मध्ये आली, तीही सुरुवातीला फक्त दुखापतीपुरती. पण खेळाचा वेग तेव्हाचा राहिलेला नाही. प्रीमियर लीगच्या २००६–०७ ते २०१२–१३ या हंगामांच्या अभ्यासात खेळाडूने सामन्यात कापलेले एकूण अंतर जेमतेम २ टक्क्यांनी वाढलेले दिसले, मात्र तीव्र वेगाने कापलेले अंतर सुमारे ३० टक्क्यांनी आणि जोरकस धावांचे अंतर सुमारे ३५ टक्क्यांनी वाढले होते. स्नायू फाटतात ते अशाच धावांत. नुसत्या सामन्यांच्या संख्येवरून दोन काळांची तुलना म्हणूनच फसवी ठरते.

सामन्यानंतर स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा भरून यायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. स्नायूंच्या तंतूंची झीज आणि सूजही तितकाच काळ टिकते. दोन सामन्यांत किमान ७२ तास असावेत, ही मागणी त्यातूनच आली. या विषयातील सर्वात बोलका अभ्यास २०१० मध्ये ग्रेगरी द्यूपों व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या एका क्लबच्या खेळाडूंची दोन हंगामांची नोंद त्यांनी तपासली. आठवड्यात एक सामना असताना दर १,००० तासांच्या खेळामागे ४.१ दुखापती होत होत्या; दोन सामने असताना हे प्रमाण २५.६ झाले. धावण्याच्या आकड्यांत मात्र लक्षणीय फरक पडला नव्हता. घोडे पेंड खाते ते इथेच. प्रशिक्षकाला आणि प्रेक्षकाला खेळाडू नेहमीइतकाच पळताना दिसतो. शरीराची उधारी दिसते ती थेट दुखापतीच्या दिवशी.

स्वीडनचे यान एकस्ट्रांड यांच्या नेतृत्वाखाली यूएफाने २००१ मध्ये अव्वल क्लबांतील दुखापतींची नोंद ठेवायला सुरुवात केली. या नोंदीनुसार एकूण दुखापतींत मांडीच्या मागच्या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या, दुखापतींचा वाटा २००१–०२ मधील १२ टक्क्यांवरून २०२१–२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला. एकस्ट्रांड यांनीच २००२ च्या विश्वचषकात खेळलेल्या युरोपीय क्लबांतील खेळाडूंचा अभ्यास केला होता. अपेक्षेपेक्षा कमी पडलेल्यांनी स्पर्धेआधीच्या दहा आठवड्यांत सरासरी १२.५ सामने खेळले होते, तर अपेक्षेपेक्षा सरस ठरलेल्यांनी ९. गतविजेता फ्रान्स त्याच स्पर्धेत एकही गोल न करता गटातच गारद झाला होता. झिनेदिन झिदान तर स्पर्धेच्या तोंडावर, मैत्रीपूर्ण सामन्यात, मांडी दुखावून बसला होता.

व्यक्तिगत उदाहरणांत स्पेनच्या पेद्रीचे नाव पहिले घेतले जाते. बार्सिलोनाच्या या मध्यरक्षकाने वयाच्या अठराव्या वर्षी, २०२०–२१ मध्ये, क्लब आणि देश मिळून ७३ सामने खेळले. युरो स्पर्धेची उपांत्य लढत त्याने ६ जुलै २०२१ रोजी खेळली. २२ जुलैला तो टोकियो ऑलिम्पिकमध्ये मैदानात होता. ७ ऑगस्टला तेथील अंतिम सामना संपला आणि १५ ऑगस्टला स्पॅनिश लीगच्या पहिल्याच सामन्यात बार्सिलोनाने त्याला पुन्हा उतरवले. सप्टेंबरमध्ये मांडीचा स्नायू गेला. त्या हंगामाचा बराचसा भाग त्याने मैदानाबाहेर काढला आणि पुढची तीन वर्षे मांडीच्या दुखापतींनी त्याचा पिच्छा सोडला नाही. क्लब, राष्ट्रीय संघ आणि ऑलिम्पिक संघ यांपैकी प्रत्येकाने आपल्यापुरता विचार केला, हे या प्रकरणातील खरे दुखणे. पुढे व्यायामाची पद्धत बदलल्यावर २०२४–२५ चा भरगच्च हंगाम त्याने मोठ्या दुखापतीविना पार पाडला. नीट आखलेला व्यायाम बराच भार पेलू शकतो, हेही त्यातून दिसते.

मँचेस्टर सिटीच्या रॉद्रीचे उदाहरण जास्त गाजले. खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत, असे तो सप्टेंबर २०२४ मध्ये पत्रकारांना म्हणाला. काही दिवसांतच, २२ सप्टेंबरला, आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ऑक्टोबरमध्ये तो कुबड्या घेऊन बॅलन डी’ओर पुरस्कार स्वीकारायला गेला. मात्र ही दुखापत कॉर्नरच्या वेळी प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या झटापटीत झाली होती आणि ती थकव्यामुळेच झाली, असे सिद्ध करता येत नाही. २०२५ च्या क्लब विश्वचषकात बायर्नच्या जमाल मुसियालाचा पाय मोडला, तोही गोलरक्षकाशी टक्कर होऊन. प्रत्येक दुखापत वेळापत्रकाच्या माथी मारल्याने मूळ मागणी कमकुवत होते.

मानसिक शिणवट्याची मोजदाद अवघड आहे, कारण खेळाडू त्याविषयी क्वचितच बोलतात. फ्रान्सचा विश्वविजेता बचावपटू राफाएल व्हरानने फेब्रुवारी २०२३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडले. सतत खेळत राहिल्याने गुदमरल्यासारखे होते, अशा आशयाचे कारण त्याने दिले. सप्टेंबर २०११ मध्ये जर्मनीत शाल्केचे प्रशिक्षक राल्फ रांगनिक यांनी अतिश्रमाचे कारण देऊन पद सोडले. त्याच महिन्यात हॅनोव्हरचा गोलरक्षक मार्कुस मिलर मानसिक थकव्यावरील उपचारांसाठी दाखल झाला. त्याने कारण लपवले नाही, हे विशेष.

उपाय अर्धवट झाले आहेत. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, तात्पुरती दिलेली पाच बदली खेळाडूंची मुभा २०२२ मध्ये कायम झाली. फ्रान्सने २०२३ मध्ये पहिल्या श्रेणीची लीग २० वरून १८ संघांवर आणली. इंग्लंडने २०२४–२५ पासून एफए चषकाच्या मुख्य फेऱ्यांतील पुनर्सामने, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळवले जाणारे सामने, बंद केले, पण त्याच वेळी प्रीमियर लीगची हिवाळी विश्रांतीही रद्द झाली. पुनर्सामने गेल्याने सर्वाधिक नुकसान लहान क्लबांचे झाले. बड्या क्लबशी बरोबरी साधल्यावर पुनर्सामन्यातून मिळणारे उत्पन्न त्यांना वर्षभर पुरत असे. दाटी निर्माण केली बड्यांनी आणि किंमत मोजली छोट्यांनी, असाच याचा अर्थ होतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये खेळाडू संघटनांच्या फिफप्रो या महासंघाची युरोप शाखा, युरोपीय लीगांची संघटना आणि स्पेनची ला लीगा यांनी युरोपीय आयोगाकडे फिफाविरुद्ध तक्रार केली. स्पर्धा भरवणारी आणि वेळापत्रकाचे नियम करणारी संस्था एकच असणे हा हितसंबंधांचा संघर्ष आहे, हा तिचा गाभा. अव्वल क्लबांच्या एकूण सामन्यांत आपला वाटा नगण्य आहे, असे फिफाचे उत्तर. ते संख्येने बरोबर असले तरी फिफाचे सामने नेमके उन्हाळी सुट्टीवर पडतात, हे त्यात झाकले जाते. जुलै २०२५ मध्ये दोन सामन्यांत ७२ तास आणि हंगामाअखेर किमान २१ दिवस सुट्टी यांवर सहमती झाल्याचे फिफाने न्यूयॉर्कमधील बैठकीनंतर जाहीर केले. त्या बैठकीत फिफप्रोला स्थान नव्हते.

भारतात चित्र बहुधा उलटे असते. येथे सामने कमी पडतात. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला होता. तरी दाटीचा अनुभव गोव्याने घेतला आहे. महासाथीमुळे २०२०–२१ च्या लीगचे सर्व ११५ सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर झाले आणि खेळाडू कित्येक महिने हॉटेलांत बंदिस्त राहिले. पाठोपाठ १४ ते २९ एप्रिल २०२१ या सोळा दिवसांत एफसी गोवाने फातोर्ड्याला आशियाई चॅम्पियन्स लीगचे सहा गटसामने खेळले. या स्पर्धेच्या गटफेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. सहापैकी तीन बरोबरीत सुटले, तीन गमावले.

पुरुषांच्या २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना १९ जुलैला आणि प्रीमियर लीगचा पुढचा हंगाम २२ ऑगस्टला, असे ठरवण्यात आले. एका खेळाडूने वर्षाला जास्तीत जास्त किती सामने खेळावेत, याची मर्यादा घालणारा बंधनकारक नियम २०२५ अखेर फिफाने केलेला नव्हता.