चौरंगी सामने व नायकपदाचा प्रश्न
मुंबईच्या क्रिकेट सामन्यांत संघांची निवड धर्मानुसार होत असे. १९०७ चे तिरंगी सामने १९१२ मध्ये चौरंगी झाले. हिंदू संघाचा मुख्य आधार म्हणजे डावखुरे गोलंदाज बाळू पालवणकर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तथापि अस्पृश्य मानलेल्या चर्मकार जातीत जन्म झाल्याने संघाचे अधिकृत नायकपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२० मध्ये विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी निषेधार्थ संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल नायक झाले व त्याच वर्षी हिंदू संघ विजयी ठरला. पालवणकरांचे गुण निवडकर्त्यांना पूर्वीच मान्य होते. नायकपद मात्र निषेधानंतरच मिळाले.