विटाळ आणि रक्तदान

भगिनींनो, मी सातवी शिकलेली बाई. मोठा लेख लिहिण्याची माझी ताकद नाही. पण एका शिबिरातून मला परत पाठवले, तेव्हापासून मनात आहे ते मांडते.

तेथील कागदावर पाळीचा प्रश्न होता. मी "चालू आहे" लिहिले. "पाळी संपल्यावर या," असे उत्तर मिळाले. मागची बाई कुजबुजली, "इथेही विटाळ मानतात वाटतं!" मलाही तसेच वाटले. गिरगावच्या चाळीत आजीला कावळा शिवला, की एका खोलीच्या बिऱ्हाडात ती दाराशी गोणपाटावर बसे. ताट-तांब्या निराळा.

मग मी चौकशी केली. रक्ताचे गट लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले. १९५२ साली आपल्या मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच गट शोधला. त्याला जगभर 'बॉम्बे' गट म्हणतात. अशा रोग्याला त्याच गटाचे रक्त चालते. तेथे सोवळेओवळे कोण विचारतो? पूर्वी गरजू माणसे रक्त विकत. १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले, आणि सारी भिस्त तुमच्याआमच्यावर आली. २०२० साली लालबागच्या राजाच्या मंडळाने उत्सवाची मूर्ती न बसवता रक्तदानाचे शिबिर भरवले, ते आपणांस आठवत असेलच.

आता पाळीचे. आपल्याकडील २०१७ च्या नियमांत पाळीच्या दिवसांपुरते थांबावे असे आहे. अमेरिकेच्या रेडक्रॉसमध्ये मात्र प्रकृती ठीक असल्यास त्या दिवसांतही रक्त घेतात. म्हणजे हा प्रश्न अंगातल्या ताकदीचा आहे, विटाळाचा नव्हे. रक्त दंडाच्या शिरेतून घेतात. ते महिनाभर सारखेच असते. हिमोग्लोबिन मात्र १२.५ तरी लागते.

पाळी संपल्यावर मी पुन्हा गेले, तर माझे १०.८ भरले! घरात सर्वांना वाढून उरेल ते खायचे, त्याचा हा हिशेब. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी पालेभाजी, नाचणी, कडधान्ये खाऊ लागले. काही महिन्यांनी ३५० मिलिलिटर रक्त दिले.

तेव्हा भगिनींनो, परत पाठवले तर मान खाली घालू नका. "पुन्हा कधी येऊ?" एवढे विचारा, आणि घरी जाऊन आधी स्वतःचे ताट वाढून घ्या.