पलटीआधीचे साडेसहा तास

अमेरिकेत पेनसिल्वेनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून खाली वेस्ट व्हर्जिनियाकडे जाताना सपाट जमीन अशी नसतेच. टेकडीच्या माथ्यावर घर, घरापुढे थोडं अंगण आणि तिथून थेट ओढ्यापर्यंत उतरणारं गवत. हे दोन-पाच एकरांचं गवत हातानं ढकलायच्या यंत्राला आवरत नाही, म्हणून लोक छोटा ट्रॅक्टर घेतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फिरणारा मिनी ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा, तेवढाच. मागे थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे अवजार उचलणाऱ्या तीन दांड्यांच्या जोडाला, फिनिश मोअर, म्हणजे तीन पाती असलेला, चार कोपऱ्यांना चार छोटी चाकं असलेला पाच फुटी पत्र्याचा डबा. ट्रॅक्टर साधारण ९०० किलोचा, मोअर अडीचशेच्या आसपास.

पुढचा घटनाक्रम कोणा एका माणसाचा नाही. अशा पलट्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारी कारणं मी एका माणसाच्या एका दिवसात मांडली आहेत. जूनचा शनिवार. माणूस साठीच्या पुढचा, यंत्राची जाण असलेला, या टेकडीवर कित्येक वर्षं गवत कापणारा. बेफिकीर तर मुळीच नाही.

सकाळी ७:३०

गॅरेजचं दार सात फूट उंच. चालकाच्या पाठीमागची लोखंडी कमान, म्हणजे रोल बार, उभी असली की ट्रॅक्टर दारातून निघत नाही. म्हणून दोन्ही पिना काढून बार मागे दुमडलेला असतो. बाहेर आल्यावर तो उभा करायला एक मिनिटही पुरतं. पण पहिलं काम अंगणातल्या सफरचंदाच्या झाडांखालचं. फांद्या खाली आलेल्या आहेत, तिथे बार अडकणार. तेव्हा तो दुमडलेलाच राहतो.

बार दुमडलेला असताना सीट बेल्ट लावायचा नसतो, कारण यंत्र उलटलं तर माणूस त्याच्याखाली बांधला जातो. हा नियम बरोबर आहे आणि त्याला तो माहीत आहे. तो बेल्ट बाजूला सारून बसतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बार दुमडलेलाच ठेवायचा, हा सगळ्यात मोठा निर्णय आत्ताच होऊन गेला. स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना असं संरक्षण सक्तीचं केलं, पुढे जुन्यांनाही लावलं. तिथे पलटीनं होणारे मृत्यू दर लाख ट्रॅक्टरांमागे १२ होते, ते १९९० पर्यंत ०.२ वर आले. अमेरिकेत १९७६ पासून मालकाला नोकराच्या ट्रॅक्टरवर बार द्यावा लागतो आणि १९८५ पासून २० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांवर उत्पादक स्वतःहून तो बसवतात. स्वतःच्या जमिनीवर स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं तो उभा ठेवलाच पाहिजे, असं सांगणारा कायदा मात्र नाही.

८:१०

दोन आठवडे पावसानं उसंत दिली नव्हती. गवत फूटभर वाढलंय आणि दवानं चिंब आहे. टायर हिरवळीचे, बारीक नक्षीचे. शेताच्या टायरची जाड नक्षी ओल्या गवतात चांगली रुतते, पण अंगण उकरून टाकते. मागच्या टायरांत पाणीही भरलेलं नाही. टायरमध्ये पाणी भरलं की वजन आसाच्या खाली येतं आणि ट्रॅक्टर जमिनीला धरून बसतो, हे आपल्याकडचा शेतकरीही सांगेल. पण त्या वजनानं ओल्या अंगणात चाकोऱ्या पडतात. देखण्या हिरवळीसाठी केलेली ही तडजोड आहे, आणि सपाटीवर तिची किंमत काहीच नसते.

९:००

झाडांखालचं काम सुरेख होतं. पीटीओ, म्हणजे मोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, मोअर चारी चाकांवर तरंगत चाललेला, मागे गालिचा. कोपऱ्यांवर वळताना पुढची चाकं गवत सोलू नयेत म्हणून त्यानं फोर व्हील काढून ठेवलंय.

१०:३०

घराच्या उजवीकडचा सौम्य उतार. इथे तो वरून खाली आणि खालून वर असाच चालवतो, आडवा नाही. पहिल्याच उतरणीला ब्रेक दाबतो, मागची चाकं फिरायची थांबतात आणि ट्रॅक्टर ओल्या गवतावरून तसाच घसरत जातो. या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि उतरताना मागची चाकंच हलकी होतात. फोर व्हील टाकलं की पुढची चाकंही इंजिनला जोडली जातात आणि तीही अडवू लागतात. तो ताबडतोब फोर व्हील टाकतो. पुढची उतरण हळू आणि पक्की होते.

म्हणूनच मला या माणसाला मूर्ख म्हणवत नाही. त्यानं एक धोका ओळखला आणि निस्तरला. मात्र त्याबरोबर, आज आपलं लक्ष जागेवर आहे, अशी खात्रीही त्याला मिळाली.

दुपारी १२:१५

जेवण. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतो. बायको सामान आणायला गावात निघते, तीनपर्यंत येईन म्हणते. पश्चिमेला ढग जमताहेत. उद्या मुलं-नातवंडं येणार आहेत आणि ओढ्याच्या बाजूचा पट्टा तेवढा राहिलाय.

१:१०

हा पट्टा दरवेळी तो खालून उलटा चढवतो. मोअर वरच्या बाजूला, रिव्हर्समध्ये वर जायचं आणि सरळ खाली उतरायचं. वेळ लागतो, मान दुखते, पण तसं चालवताना ट्रॅक्टर मागे कोलमडत नाही. आज ओढ्याकाठची जमीन पावसानं लिबलिबीत झाली आहे, तिथे चाक रुतलं तर ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत निघायचा नाही. म्हणून आज आडवं चालवायचं ठरतं. वरच्या कडेपासून सुरुवात, एकेक पट्टा खाली.

बसून गवत कापायच्या यंत्रांवर १५ अंशांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे शंभर फूट आडवं गेलं की जेमतेम सत्तावीस फूट चढ. डोळ्याला १५ आणि २० अंशांतला फरक कळत नाही. फोनवर तो मोजता येतो, पण फोन घरात आहे.

वरचा पट्टा १२ अंशांचा असेल. काही होत नाही. त्याखालचा १३, मग १४. टेकडी पोट काढून खाली गेली आहे, त्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून थोडी तिरकी, आणि प्रत्येक वेळी आधीची फेरी सुखरूप झालेली. त्याला बूड थोडं वरच्या बाजूला सरकवून बसावं लागतंय. हे शरीर आपोआप करतं, विचारत नाही.

१:४०

मागचं खालचं चाक वीतभर घसरतं आणि थांबतं. तो पेडलवरचा पाय उचलतो, क्षणभर थांबतो. खाली दोन पट्टे उरलेत.

खरं म्हणजे त्या दोन पट्ट्यांत गवत हवं कशाला? तिथे झुडपं वाढू द्यावीत, जमीनही धरून राहील. पण त्या भागात टेकडी ओढ्यापर्यंत कापलेली असणं ही घराची अब्रू समजली जाते, आणि अब्रूपायी माणूस तसाच पुढे जातो.

१:५२

शेवटच्या आधीचा पट्टा, उतार १७ अंशांचा. टोकाला वर वळायचं म्हणून तो मोअर उचलतो. जमिनीवर स्वतःच्या चाकांवर चाललेलं अडीचशे किलो आता हवेत, मागच्या आसाच्या पलीकडे लटकतं. पुढची चाकं हलकी होतात.

फूटभर गवताखाली ग्राउंडहॉगचं बीळ आहे. या डोंगरांत बांधाबांधावर बिळं करणारा हा गुबगुबीत प्राणी. मागचं खालचं चाक त्यात पंधरा सेंटिमीटर जातं. दोन चाकांतलं अंतर १२० सेंटिमीटर धरलं तर ट्रॅक्टर एका दणक्यात आणखी ७ अंशांनी कलतो. सतराचे चोवीस झाले. यंत्र स्थिर उभं असतं तर कदाचित तोललं असतं. चालतं यंत्र त्या झोक्यानं चोविसावर थांबत नाही.

पुढची दोन चाकं सावरायला येत नाहीत. पुढचा आस मधोमध एका पिनेवर डुलतो, खाचखळग्यांत चारही चाकं जमिनीला लागावीत म्हणून. त्यामुळे ट्रॅक्टर खरं तर तीन बिंदूंवर उभा असतो, मागची दोन चाकं आणि ती पिन. वजन या त्रिकोणाच्या खालच्या बाजूबाहेर गेलं की संपलं.

स्टिअरिंग खाली, उताराकडे फिरवलं तर क्वचित सावरतं. हात मात्र उलट करतात, दरीपासून दूर, वर. तो वर वळवतो आणि उरलेलं वजनही खाली फेकलं जातं. एक पाय टेकायला बाहेर येतो.

सुरुवातीपासून शेवटापर्यंत जेमतेम दोन सेकंद. बार उभा असता तर बहुधा ट्रॅक्टर कुशीवर पडून तिथेच अडला असता, आणि बेल्टनं त्याला सीटवर धरलं असतं. दुमडलेल्या बारला अडवण्यासारखं काही नसतं. ट्रॅक्टर पूर्ण पालथा होतो.

३:०५

बायको परत येते. यंत्राचा आवाज नाही. टेबलावर फोन आहे. ती उताराच्या कडेपर्यंत चालत जाते आणि तिथून धावत घरात येऊन ९११ लावते.

३:२५

गावातलं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे, दुकानांतून-शेतांतून निघून आलेली माणसं. ती आधी ट्रॅक्टर आणखी सरकू नये म्हणून लाकडी ठोकळे लावतात, मग हवेच्या पिशव्या फुगवून तो इंचाइंचानं उचलतात. घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी ती घाई करतात.

५:४०

काउंटीचा कॉरोनर, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, मृत्यूचं कारण लिहितो: छातीवर दाब येऊन श्वास कोंडणे. अशा पलट्यांत हे कारण नेहमीचं. पाच-सात मिनिटांत सगळं आटोपतं, फोन खिशात असता तरी मदत वेळेत आली असतीच असं नाही.

चौकशी इथे संपते. कामगार सुरक्षेचं खातं येत नाही, कारण नोकर कोणी नव्हता. कामावरच्या मृत्यूंची देशभराची मोजणी होते, तीत ट्रॅक्टरची पलटी वर्षानुवर्षं शेतीतल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण म्हणून येते. त्या मोजणीत हा माणूस नाही. आपल्याच घरामागचं गवत कापणं हे काम धरलं जात नाही. मला याचा राग येतो, कारण ट्रॅक्टर तोच, उतार तोच, बारही तोच, आणि अशी माणसं दरवर्षी किती जातात हे सांगणारा रकानाच त्या कागदावर नाही.