मिरवणूक कोणाची? लंडन, १५५९

मिरवणूक म्हटलं की मधोमध राजा आणि दोन्ही बाजूंना बघे, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. आज आपण त्या बघ्यांमध्ये उभे राहू या. स्थळ लंडन, तारीख १४ जानेवारी १५५९. दुसऱ्या दिवशी पहिल्या एलिझाबेथचा राज्याभिषेक आहे.

टॉवर हा राजाचा किल्ला आणि राज्याभिषेक वेस्टमिन्स्टरला. पण मध्ये लागतं लंडन शहर, आणि तिथला कारभार लॉर्ड मेयरचा, व्यापारी-कारागिरांच्या संघांचा. सिंहासनाकडे जायचं तर शहरातून जायचं! वाटेवरचे देखावे शहराने स्वतःच्या खर्चाने उभारले. (काही पोशाख मात्र राणीच्याच करमणूक खात्याकडून उसने आणले होते बरं का. सगळं उत्स्फूर्त होतं असं समजू नका.)

चीपसाइडला शहराने राणीला १,००० मार्कांचं सोनं भरलेली थैली दिली. पुढेच देखावा होता. एक टेकडी उजाड, दुसरी हिरवीगार, आणि मधल्या गुहेतून म्हातारा काळ आपल्या लेकीला, सत्याला, घेऊन बाहेर येतो. लेकीच्या हातात इंग्रजी बायबल. आता गंमत पाहा. ‘सत्य ही काळाची लेक’ हे ब्रीद होतं आधीच्या मेरी राणीचं, जी कट्टर कॅथलिक होती आणि जिच्या राजवटीत जवळपास ३०० प्रॉटेस्टंटांना जाळून मारलं गेलं. तिचंच ब्रीद उचलून शहराने नव्या राणीपुढे ठेवलं आणि अर्थ साफ फिरवला. मेरीला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि देशाचा धर्म कोणता हे अजून कायद्याने ठरायचं होतं. एलिझाबेथने ते बायबल घेतलं, त्याचं चुंबन घेतलं, वर उचललं आणि छातीशी धरलं. भर रस्त्यात, हजारोंच्या देखत.

फ्लीट स्ट्रीटवर बायबलमधली दबोरा बसली होती, संसदेच्या वस्त्रांत, भोवती सरदार, धर्मगुरू आणि सामान्यांचे प्रतिनिधी. बाईने राज्य करावं, जरूर करावं, पण सल्लामसलत करून. ही स्तुती की अट? आम्हाला विचाराल तर दोन्ही. आणि दहाएक दिवसांत रिचर्ड मल्कास्टरने लिहिलेलं या दिवसाचं वर्णन छापूनही आलं. म्हणजे राणीचा शब्द काळ्यावर पांढरा झाला.

हे ऐकून घ्यायची तयारी सगळ्यांची नसते. पहिला जेम्स १६०४ मध्ये सात भव्य कमानींखालून गेला. प्लेगमुळे ती मिरवणूक आधी लांबली होती. पण त्याच्या मुलाने, पहिल्या चार्ल्सने, १६२६ मध्ये ती रद्दच केली. शहराचा खर्च होऊन गेला होता, कमानी उभ्या राहत होत्या. त्या उतरवाव्या लागल्या. १६४२ मध्ये यादवी पेटली तेव्हा लंडन संसदेच्या बाजूने उभं राहिलं. एका मिरवणुकीमुळे यादवी झाली, असं आम्ही म्हणत नाही; तसं म्हणणं पोरकटपणाचं होईल. पण राजा आणि शहर एकमेकांसमोर येऊन बोलण्याची एक जागा त्याने आपल्या हाताने बंद केली, एवढं खरं.

दुसऱ्या चार्ल्सला याची जाण असावी. राजसत्ता परत आल्यावर, १६६१ मध्ये, तो पुन्हा थाटात शहरातून गेला. पहिल्याच कमानीवर बंडाचा पाडाव रंगवला होता. शहर आता वेगळंच बोलत होतं. १६८५ मध्ये दुसऱ्या जेम्सने खर्च वाचवायला मिरवणूक वगळली. त्यानंतर राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी टॉवरहून निघणारी ती मिरवणूक पुन्हा निघाली नाही.