मोजपट्टी रुग्णाच्या हाती

दवाखान्यातून बाहेर पडलेला माणूस औषधाचे नाव सांगण्याआधी सांगतो, ‘ऐकून तरी घेतलं त्यांनी’ किंवा ‘मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.’ या दोन वाक्यांतले अंतर आकड्यांत पकडू पाहणाऱ्या अभ्यासक्षेत्रात वाचकाचे स्वागत.

आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा. अमेरिकेतली जेफरसन मापनश्रेणी (२००१) समानुभूतीविषयी डॉक्टरलाच विचारते. स्कॉटलंडमध्ये स्ट्यूअर्ट मर्सर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘केअर’ प्रश्नावली रुग्णाला विचारते. तिच्यात दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, शिवाय ‘लागू नाही’ असा एक रकाना. हा रकाना बिनमहत्त्वाचा नव्हे. एखाद्या प्रश्नापुढे तिथेच खुणा पडू लागल्या, तर तो प्रश्न रुग्णाच्या अनुभवाला भिडत नाही, हे उघड होते.

प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, हे क्रॉनबाख यांचा अल्फा (१९५१) सांगतो. मात्र दहाही ठिकाणी न वाचता ‘उत्कृष्ट’वर खूण करत गेलेले रुग्णही अल्फा वाढवतात. तेव्हा अल्फाने दाखवलेल्या विश्वसनीयतेवर समाधान मानून चालत नाही. जे मोजायचे तेच मोजले जाते का, हे वैधतेच्या कसोटीवर वेगळे पाहावे लागते. त्यातून उपकृत रुग्ण हात सैल सोडून गुण देतात आणि सगळेच डॉक्टर पन्नासाच्या आसपास जातात. त्यांच्यातला फरक भरवशाने दिसायला एकेका डॉक्टरमागे सुमारे ५० रुग्णांची उत्तरे लागतात, असे मर्सर यांच्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात (२००५) आढळले.

भाषांतरात तर आणखी गुंता. रुग्णाकडे संपूर्ण माणूस म्हणून पाहिले का, या आशयाचा एक प्रश्न ‘केअर’मध्ये आहे. शब्दाला शब्द ठेवून ‘डॉक्टरांनी तुमच्यात रस घेतला का?’ असे मराठीत विचारले, तर समोरची बाई पदर सावरून गप्प बसेल. ‘आजारापलीकडे तुमची, घरची विचारपूस केली का?’ म्हटले की ती बोलू लागेल. पण विचारपूस म्हणजे मूळ प्रश्नातला आशयच का? की आपण नकळत दुसराच प्रश्न विचारला?

त्याचे उत्तर संगणकात नाही. म्हणून आकडेमोडीआधी चार रुग्णांशेजारी बाकावर बसावे आणि खूण करताना मनात काय आले, ते त्यांनाच विचारावे. त्या वेळी आपण त्यांचे किती ऐकून घेतो, यावर प्रश्नावलीचे पुढचे सारे अवलंबून आहे.