जावळ, केस आणि गर्भातले संदेश

जावळ काढले की केस दाट येतात का, हा प्रश्न परदेशातल्या मराठी घरांतही हमखास निघतो. विधी हौसेने जरूर करावा, पण दाटपणाचा हिशोब बाळ जन्मण्यापूर्वीच झालेला असतो. केस ज्यातून उगवतो ते केशकूप गर्भाच्या नवव्या-दहाव्या आठवड्यापासून बनू लागतात. आधी भुवया, वरचा ओठ आणि हनुवटीवर. अंगभर मिळून ते सुमारे ५० लाख, त्यांपैकी डोक्यावर साधारण १ लाख. जन्मानंतर ही संख्या वस्तऱ्याने वाढत नाही.

मग केस कुठे यायचा हे ठरवतो कोण? त्वचेचे दोन थर रेणूंच्या साहाय्याने एकमेकांना संदेश पाठवतात. पहिला संदेश ‘विंट’ प्रथिनांचा. तो जिथे जोर धरतो तिथे वरचा थर जाड होऊन ठिपका तयार होतो. ‘ईडीए’ हे प्रथिन तो ठिपका पक्का करते. ‘बीएमपी’सारखे विरोधी संदेश शेजारी दुसरा ठिपका होऊ देत नाहीत, म्हणून केसाकेसांत अंतर राहते. उंदरांच्या त्वचेत विंटला अडवणारे ‘डीकेके१’ प्रथिन मुद्दाम वाढवले, तेव्हा केशकूप बनलेच नाहीत. पुढे ठिपका खोल वाढतो तो ‘सोनिक हेजहॉग’मुळे. (होय, व्हिडिओ गेममधल्या सोनिकवरूनच हे नाव ठेवले आहे!)

यातला ईडीए बिघडला तर केस विरळ, दात कमी व टोकदार, आणि घाम जवळजवळ नाहीच. कारण दात व घामग्रंथींनाही तोच संदेश लागतो. डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजके दात, अंगावर केस तुरळक, उन्हाळ्यात हाल. मुली मात्र सुटलेल्या. एक्स गुणसूत्रावरचे ईडीएचे जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले. मुलग्यांकडे एकच एक्स असतो, म्हणून त्रास मुख्यतः त्यांना.

तेव्हा बाळाचे केस फारच विरळ असतील, घाम येत नसेल, कारण नसताना अंग तापत असेल, तर दुसऱ्यांदा डोके भादरण्यापेक्षा आधी डॉक्टरांना दाखवावे, असे आम्हाला वाटते. आखातासारख्या उष्ण देशात तर नक्कीच.

२०१८ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी तीन मुलग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आईच्या पोटात असतानाच गर्भजलात ईडीए प्रथिन सोडले होते. त्या मुलांना पुढे घाम येऊ लागला. जन्मानंतर हेच प्रथिन देऊन तसा गुण आला नव्हता.